उंबऱ्यावरचा शब्द

शकुनचा कान तिखट होता. विहिरीवरची मोटर पाणी ओढते आहे की नुसती हवा, हे ती चुलीपाशी बसून सांगायची. त्यामुळे दीपमालाला जपानहून येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच तिला खटकलं. पोरगी घराबाहेर पडताना 'येते' म्हणत नव्हती.

'निघते' म्हणायची. कधी 'मळ्यात आहे' म्हणायची. कधी नुसतीच ओढणी सारखी करून बाहेर. वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय त्यात. पण आपल्याकडे उंबरा ओलांडताना 'जाते' म्हणायची सोय नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जायचं असतं आणि 'येते' म्हणायचं असतं. चुकून कुणी 'जातो' म्हटलंच, तर घरची बाई त्याला पुन्हा आत बसवते, घोटभर पाणी पाजते, हवा तो शब्द वदवून घेते आणि मगच सोडते. शकुनने तर लहानपणी या एका शब्दापायी लेकीच्या पाठीत धपाटे घातले होते. आणि आता तीच लेक तो शब्द गिळून बसली होती. जी 'येते' म्हणत नाही ती परत येत नाही, असं शकुनचं साधं गणित होतं. पोरगी कायमची तिकडचीच होणार, असं तिनं मनाशी धरलं.

शकुन आणि तिचा नवरा ओमप्रकाश यांचा फुलांचा मळा चांदूर रेल्वेपासून थोडा आत होता. झेंडू, निशिगंध आणि या दिवसांत शेवंती. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे शेवंतीला उसंत नसते. पहाटे फुलं तोडायची, करंड्या भरायच्या आणि गफ्फारभाईंच्या टेम्पोत घालून अमरावतीच्या बाजाराला धाडायच्या. दीपमाला याच फुलांत वाढली, अमरावतीला नर्सिंग शिकली, मग अकोल्याच्या एका क्लासात जपानी भाषा घोकून तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. आता काही वर्षांनी पहिल्यांदाच महिनाभराच्या सुट्टीवर आली होती.

येताना तिनं एक सवय आणली होती. घरात शिरलं की दारातल्या सगळ्या चपला ती वळवून ठेवायची, तोंडं बाहेरच्या बाजूला. निघणाऱ्याला वाकून धडपडावं लागू नये म्हणून.

"जपानात गेली तवा पोट्टी चपला नीट ठेवाले शिकली," ओमप्रकाश म्हणाला. "मी जलमभर बोंबललो तं आयकलं नाही."

पहिले काही दिवस शकुन लेकीला खोदून खोदून तिकडचं विचारत राहिली. तिला वाटायचं, बोलता बोलता गाठ सापडेल. दीपमाला सांगायचीही. तिथं जेवणाआधी हात जोडतात, आणि ते देवापुढे नाही, ताटापुढे. ज्यानं पिकवलं, ज्यानं रांधलं आणि जे जीव आपल्या पोटात चालले, त्या सगळ्यांकडून 'घेते' म्हणतात. पहिला भात घरातल्या गेलेल्या माणसाच्या तसबिरीपुढे ठेवतात.

"म्हंजे आपल्यासारखंच की," शकुन म्हणाली.

"आपल्यासारखंच, पन कमी आवाजात," दीपमाला म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

तिच्या वृद्धाश्रमात मोरिता-सान नावाची एक म्हातारी होती. 'सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'जी'. तिच्याबद्दल बोलायला लागली की दीपमाला मध्येच थांबायची. एकदा तिनं या बाईची एक कविता सांगितली. तिकडे तीनच ओळींची कविता करतात, मुठीत मावेल एवढी. दीपमालानं ती तोडकीमोडकी मराठीत आणली होती:

उंबऱ्याशी जोडे,
तोंड बाहेर वळलेलं.
पाऊस थांबेना.

"एवढीच?" शकुननं विचारलं.

"एवढीच. बाकीची आपुन मनात म्हनाची असते."

शकुननं त्या ओळी मनात म्हणून पाहिल्या. "पाव्हना निघाले बसला अन् पावसानं त्याले अडकवला. बुढीले बरं वाटलं असन. खोटंच म्हनली असन, काहून आला बाप्पा हा पाऊस."

दीपमाला उठून ओट्यावर गेली आणि पुन्हा चपला सारख्या करू लागली. त्या आधीच सारख्या होत्या.

गाठ सुटली ती फुलांपायी. बुधवारी संध्याकाळी शकुननं पांढऱ्याशुभ्र शेवंतीची एक करंडी लेकीच्या उशाशी नेऊन ठेवली. खोलीत वास दरवळेल, पोरीला बरं वाटेल, एवढाच हेतू. थोड्या वेळानं पाहते तर करंडी अंगणात, वर ओलं पोतं झाकलेलं, आणि दीपमाला खाटेवर भिंतीकडे तोंड करून.

"काय झालं वं?"

"तिथं पांढरी शेवंती मयताले वाहतात, माय."

ज्या फुलानं या घरातली चूल पेटवली होती, त्याच्याबद्दल असं ऐकून शकुन चरकली. पण फुलाचा राग पोरीला नव्हता, हे तिला आवाजावरून कळलं. ती खाटेवर बसली आणि तिनं नुसता हात पाठीवर ठेवला. मग ते सगळं बाहेर आलं.

तिथं काम संपवून घरी जाताना एक ठरलेला शब्द म्हणायचा असतो, 'शित्सुरेई शिमास'. म्हणजे तुम्हाला सोडून निघते आहे, एवढा उद्धटपणा माफ करा. गफ्फारभाई त्याला 'गुस्ताखी माफ' म्हणाले असते. दीपमालाला तो येत होता, परीक्षेत तिनं बरोबर लिहिला होता. पण धपाटे खाऊन वळलेली जीभ ती, पहिल्याच संध्याकाळी मोरिता-सानच्या खोलीतून निघताना तिच्या तोंडून भलताच शब्द गेला. 'इत्तेकिमास.' शब्दाला शब्द लावला तर 'जाऊन येते'. अकोल्याच्या क्लासात हा शब्द शिकवला तेव्हा झाडून सगळ्या पोरी हसल्या होत्या, हे तर आपलंच आहे म्हणून.

पण आपलं ते सगळंच आपलं नसतं. तिकडे हा शब्द फक्त घरचं माणूस म्हणतं, स्वतःच्या घरातून निघताना. पाहुणा म्हणत नाही. कामाचं माणूस तर नाहीच नाही.

मोरिता-सान चमकून बघत राहिली होती. मग खोल कुठून तरी शोधून काढल्यासारखं तिनं उत्तर दिलं, 'इत्तेराश्शाई'. जाऊन ये. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला खोलीत शिरली तर म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत बसलेली. मग दीपमालानं घरी परतल्यावर म्हणतात तो शब्दही म्हटला, आणि म्हातारीनं त्याचंही उत्तर दिलं. तेव्हापासून रोजचं तेच सुरू झालं. आपण चूक करतो आहोत हे दीपमालाला लवकरच कळलं होतं. पण तिला ती चूक सोडवेना.

"मलेही घर झालं ना तिथं, माय," ती म्हणाली.

पुढे मोरिता-सानची झोप उडाली. रात्री ती दिवा लावून दाराशी खुर्चीवर बसू लागली. का बसलात म्हणून रात्रपाळीच्या मुलीनं विचारलं, तर म्हणायची, पोरगी बाहेर गेली आहे, यायची आहे. अंगातली ताकद सरत चालली होती, तरी बसायची. शेवटी तिथल्या मुख्य बाईंनी दीपमालाला बोलावलं. चहा दिला, रागावल्या नाहीत. हा शब्द घरचा आहे, एवढंच म्हणाल्या, आणि तू त्यांना वाट पाहायला लावते आहेस. त्यांचं बरोबर होतं. म्हणून त्या संध्याकाळी दीपमालानं खाली मान घालून बरोबर तो शब्द म्हटला. गुस्ताखी माफ.

"मंग?" शकुननं विचारलं.

"ते माह्याकडे पाहत राहिली. लय वेळ. मंग मान लववून म्हने, 'ओत्सुकारेसामा'."

"म्हंजे?"

"दमलीस, आभार. कामाच्या मानसाले म्हनतात तसं." दीपमाला भिंतीकडून वळली. "लेक होती मी तिची, माय. एका शब्दानं मी कामवाली झाली. अन् त्याच राती ते गेली. झोपेतच गेली. रातपाळीची पोट्टी म्हने, त्या राती बुढी दाराशी बसलीच नाही. लवकर दिवा मालवला अन् झोपली. तिनं वाट पाहनं सोडलं. माह्यामुळे सोडलं."

शकुननं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

"आता मी तिकडे नाही जात," दीपमाला मांडीतूनच म्हणाली. "कोनाले काय तोंड दाखवू? अन् 'येते' तं मले आता कोनालेच म्हनवत नाही."

इथं शकुनची गंमत बघा, गंमत कसली, परीक्षाच. लेक हमसून रडत होती आणि मायच्या मनात आनंदाचं भरतं आलं. पोरगी परत जाणार नाही! तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, पण आनंद काही मागे फिरेना. घर पुन्हा भरेल, दोन माणसांपुरती भाजी चिरावी लागणार नाही, सणाला फोनवर तोंड पाहावं लागणार नाही. त्या दिवसापासून तिनं लेकीला काही समजावलं नाही. म्हणायची, राहू दे, बरं वाटलं की बघू.

त्यानंतरच्याच आठवड्यात शेजारची गंगूबाई वारली. बरीच म्हातारी होती, खाटेलाच होती. मागे तिचा नवरा नत्थुजी राहिला, साखरेच्या आजारानं पायाला जखम झालेला आणि एका जागी खिळलेला. सुनेकडे त्याचं खाणंपिणं होत होतं, पण बसायला जवळ कुणी नव्हतं. शकुन आणि दीपमाला बसायला गेल्या. बायका होत्या, थोडं बोलणं झालं, थोडं रडणं झालं. उठायची वेळ झाली तेव्हा सगळ्या मुकाट्यानं उठल्या. मयताच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. असल्या कारणानं पुन्हा यावं लागू नये म्हणून म्हणत नाहीत, असं सांगतात. शकुनही तशीच उठली, पदर सारखा केला आणि दारातच थबकली.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेकीच्या मनातला काटा कसा निघेल, ते तिला तिथं, गंगूबाईच्या उंबऱ्यावर कळलं. घराकडे चालताना तो विचार तिच्या ओठापर्यंत आला.

आणि तिनं तो गिळला. काटा निघाला तर पोरगी उडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. सुट्टीचे थोडे दिवस उरले होते. तेवढे गेले, तिकडे नकार कळवला, की संपलं. मग सांगू सावकाश, जन्म पडला आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या संध्याकाळी ओट्यावर कुणी नाही असं पाहून तिनं दीपमालाच्या चपला उचलल्या आणि तोंडं आतल्या बाजूला वळवून ठेवल्या. ठेवताना तिला जपानमधल्या म्हातारीचा पाऊस आठवला. निदान तो पाऊस म्हातारीनं पाडला नव्हता.

दीपमाला नत्थुजीच्या पायाची पट्टी बदलायला जाऊ लागली. हात उत्तम होता तिचा. जखम धुताना म्हाताऱ्याला काही कळायचं नाही, उलट तो तिला गंगूबाईच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगत बसायचा. एके दिवशी शकुन सोबत होती. पट्टी बांधून झाली, दीपमाला उठली, तसा नत्थुजीनं तिचा हात धरला.

"बेटा, उद्या येशीन ना?"

साधा प्रश्न होता. दीपमालाचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. तिनं हात सोडवून घेतला आणि जवळजवळ पळतच बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती तिकडे फिरकली नाही. शकुन करंड्या घेऊन रस्त्यानं गेली तेव्हा नत्थुजी ओट्यावर बसलेला होता, दुखरा पाय लांब करून, रस्त्याकडे डोळे लावून. दुपारी ती परतली तेव्हाही तो तिथंच होता.

"सूनबाईनं आनून बसवलं मले," तो ओशाळून म्हणाला. "तुही लेक येते का म्हनून पाहून राहिलो."

शकुनला स्वतःचा संताप आला. लेक घरी ठेवायची म्हणून तिनं तिचं दुखणं तसंच ठेवलं होतं, आणि ती अशी राहिली तर या घरच्या काय, कुणाच्याच कामाची राहणार नव्हती. पक्ष्याचा पंख मोडलेलाच ठेवून त्याला पाळणाऱ्यातली ती झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी पांढऱ्या शेवंतीच्या वाफ्यात होत्या. पलीकडच्या टोकाला ओमप्रकाश झेंडू तोडत होता. शकुननं हातातलं फूल करंडीत टाकलं आणि विचारलं,

"गंगूबाईच्या घरून निघतानी आपुन 'येतो' म्हटलं का वं?"

"नाही."

"काहून?"

"मयताच्या घरी नाही म्हनत."

"काहून नाही म्हनत?"

दीपमालानं वर पाहिलं. शकुन तिच्याकडे न बघता फुलं तोडत राहिली, नाहीतर तिला बोलता आलं नसतं.

"लोक काही सांगो, मले असं वाटते. 'येते' म्हटलं का मांगचा मानूस वाट पाहते. जित्या मानसानं पाह्यली तं चालते, तेवढ्यानंच तं घर चालते. पन ज्याची निघाची येळ झाली, त्याले वाट पाहाले लावली तं त्याचा जीव अडकते. तुही बुढी राती दाराशी कोनापायी बसे? तुह्या 'येते'पायी. अंगात तागद नाही तरी बसे. तू त्या दिवशी 'येते' नाही म्हटलं अन् तिले झोप लागली. मोकळी झाली ते. तुह्या जिभेनं तिच्या पायातली दोरी सोडली."

दीपमालानं एक फूल तोडलं, पण करंडीत टाकलं नाही. "अन् तिनं मले सोडून देलं असन तं?"

"तेही असन," शकुन म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "सोडनं अन् मोकळं होनं, मले नाही वेगळं करता येत. पन आभार मानून गेली ना? दमलीस म्हने ना तुले? कामवाली दमते, तशी लेकही दमते, बेटा. लेकीले असं म्हनाची माह्यावर तं कधी पाळीच आली नाही, म्हटलंच नाही मी."

तेव्हा दीपमाला वाफ्यातच खाली बसली आणि रडली. हे रडणं आधीच्या रडण्यासारखं नव्हतं. शकुनच्या तिखट कानाला तेवढं कळलं, आणि त्याच घटकेला हेही कळलं की पोरगी आता जाणार. थोड्या वेळानं दीपमालानं डोळे पुसले, पांढरी शेवंती ओंजळभर घेतली आणि वाफ्याच्या कडेला, विहिरीच्या काठावर, उगवतीकडे तोंड करून ठेवली. जपान उगवतीकडेच आहे म्हणतात. तिनं हात जोडले. शकुननंही जोडले.

नाश्ता न करताच दीपमाला नत्थुजीकडे गेली. पट्टी बदलून निघताना तिनं काय म्हटलं ते शकुनला अंगणात ऐकू आलं नाही. पण म्हातारा त्या दिवशी ओट्यावर बसून राहिला नाही, आधारानं आत जाऊन जेवला, एवढं सुनेनं सांगितलं.

सुट्टी संपली. बडनेऱ्याहून मुंबईची गाडी होती आणि स्टेशनापर्यंत गफ्फारभाई करंड्यांसोबत पोरीलाही नेणार होते. ओमप्रकाश उगाचच बॅगेची दोरी पुन्हा पुन्हा ताणून पाहत होता. दीपमाला दाराशी आली आणि थांबली. तिच्या चपला तोंड बाहेर करून, पुसून, शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. तिनं ठेवल्या नव्हत्या. तिनं आईकडे पाहिलं. शकुन कणिक भरलेले हात पुसत होती, पुसून झाले होते तरी पुसत होती.

दीपमालानं चपला घातल्या. वाकून पाया पडली. उंबऱ्यापलीकडे पाय टाकला आणि तशीच उभी राहिली. बाहेर गफ्फारभाईंनी हॉर्न दिला.

"म्हन ना," शकुन म्हणाली.

"कसं म्हनू?" दीपमालाचे डोळे भरले. "तूच तं सांगितलं ना, 'येते' म्हटलं का मांगच्याचा जीव अडकते. तुह्या पायात दोरी बांधून जाऊ का?"

"बांध," शकुन म्हणाली. "मले कुठं जाचं हाये? मी इथंच हाओ. अडकू दे माहा जीव. तू म्हन."

दीपमालानं ओठ घट्ट मिटले, मग उघडले.

"येते, माय."

"ये," शकुन म्हणाली.